तहानलेली टोपली

ज्वारी भिजवण्यापासून बिअर गाळण्यापर्यंत सगळं एकटीनं केलं, म्हणून माशेझीच्या खांद्यांत जीव उरला नव्हता. तरी दुपारी तिनं चुलीच्या वर टांगलेली नवऱ्याची टोपली खाली काढली. इलाला नावाच्या ताडाच्या पातींनी गवताचे वेढे आवळून विणलेली. पोटाला गोल, तोंडाला निमुळती. दुमेझ्वेनी बिअर प्यायचा ती हिच्यातूनच. तो गेला तेव्हा सासू म्हणाली होती, "माझ्या लेकाच्या टोपलीला आता कुणी तोंड लावायचं नाही." वर्ष उलटलं, कुणी लावलं नव्हतं.

आज त्याच्या आत्म्याला घरी आणायचं होतं. पुरुषमाणसं बोरीची काटेरी फांदी घेऊन त्याच्या थडग्याकडे गेली होती. फांदीवर त्याला बसवून, वाटेत कुणाशी न बोलता, सूर्य मावळायच्या आत परतणार होती. तोवर घराच्या मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागी, त्याची टोपली भरलेली हवी.

माशेझीनं बिअर ओतली. टोपलीच्या बुडाला आधी घाम फुटला, मग थेंब, मग बारीक धार लागली.

दारात नणंद थोलाकेले उभी होती. "अगं बाई! दादा आला वाटतं वहिनी. पितोय, पण खालून!"

"तू परात आण, जीभ नको चालवू."

त्यांचा आवाज ऐकून सासू आत आली. ओली जमीन बघून तिचा चेहरा उतरला. "नाही म्हणतोय तो. रागावलाय तुझ्यावर."

"माझ्यावर कशाला, आई?"

"ते तुझं तुला ठाऊक. फांदी दारात आली आणि टोपली रिकामी दिसली, तर तो उंबऱ्यावरूनच परत जाईल. मग कुठं फिरेल माझा लेक?"

माशेझी पाय पसरून बसली, टोपली मांडीत घेतली, बोटं विणीवरून फिरवली. एकही टाका सुटला नव्हता. पाती मात्र खडखडीत वाळल्या होत्या, वेढ्यांत नख जात होतं.

"तो नाही म्हणत नाहीये," ती म्हणाली. "हीच तहानलीय. वर्षभर हिला कुणी थेंब दिला नाही."

थोलाकेलेनं परात आणून टोपलीखाली सरकवली.

परातीत पडलेलं माशेझी पुन्हा वरून ओतत राहिली. ओतायची, गळायचं, गळायचं, ओतायची. गाळणीतला चोथा मुठीत घेऊन बाहेरून चोळायची. डोळे मिटत होते. विणताना म्हणायचं जुनं गाणं आपसूक ओठांवर आलं:

*पी गं टोपले टोपले, पी गं अंग भिजवून*
*धनी येतोय दाराशी, नको बसू गं रुसून*

सूर मधेच तुटला. तुटला तिथून दुसऱ्या कुणी उचलला. सासू शेजारी येऊन बसली होती. तिनं चोथा घेतला आणि टोपलीची दुसरी बाजू चोळू लागली.

"मीच टांगून ठेवायला लावली," ती टोपलीकडे बघत म्हणाली. "वाटलं, त्याची आहे तशी राहील."

"मलाही तसंच वाटलं, आई."

उन्हं कलली. धारेचे थेंब झाले, थेंबांचं अंतर वाढलं. गवत फुगलं, पाती एकमेकींना बिलगल्या. मग नुसता ओलसर गारवा उरला. माशेझीनं उरलेली बिअर भरली, तिघी बुडाकडे बघत राहिल्या. काही पडलं नाही.

"आले, आले!" थोलाकेले दारातून कुजबुजली.

माशेझीनं दोन्ही हातांनी टोपली उचलली. मागच्या भिंतीशी ती ठेवणार, तोच सासूनं तिचं मनगट धरलं.

"आधी तू पी."

"मी, आई?"

"तू चाखल्याशिवाय कधी प्यायला होता का तो?"

माशेझीनं टोपली ओठांना लावली. बिअर आंबट होती, धुराची चव होती तिला. एक घोट गिळून तिनं टोपली जागेवर ठेवली, आणि बोरीची फांदी वाकून दारातून आत आली.