शेऱ्याचा रकाना

मागचा ब्रेक दोनदा दाबून झाला, मग पुढचा. पेडल उलटं फिरवून चेन नीट बसल्याची खात्री झाली, चाकांत हवा होती, घंटीही वाजली. ब्रेकरावांनी सीटखाली अडकवलेलं प्लास्टिकचं पाकीट काढलं, आतल्या कार्डावर तारीख घातली, चार रकान्यांत चार खुणा केल्या आणि खाली सही ठोकली. सही केल्याशिवाय सायकलवर बसणं त्यांना जमत नसे.

"साहेब, सायकल चालवताय की विमान उडवताय?" पार्किंगच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरून वॉचमनने विचारलं.

"विमानाला पंख तरी असतात रे," असं म्हणून ते बाहेर पडले.

कार्ड कंपनीचंच होतं, लिफ्टच्या तपासणीचं. त्यातल्या 'केबिनचा दरवाजा' वगैरे शब्दांवर काट मारून त्यांनी 'चेन', 'हवा', 'घंटी' लिहिलं होतं, 'ब्रेक' आणि बाकीचे रकाने जसेच्या तसे. सत्तावीस वर्षं ते लिफ्ट तपासत आले होते आणि प्रत्येक इमारतीत आधी ब्रेकला कान लावत, म्हणून कामावर त्यांचं नाव ब्रेकराव पडलं ते कायमचंच. सायकल जांभळी होती, तिला पुढे फुलांची नक्षी असलेली बास्केट होती. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा तिची ही सायकल मागे राहिलेली. बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस त्या सायकलवर कसा दिसतो, याचा विचार ब्रेकराव करत नसत. त्यांना दुसराच विचार पुरेसा होता.

पंधरा तारखेला कंपनीच्या डॉक्टरची वार्षिक तपासणी होती. गेल्या वर्षी डॉक्टरने वजनाचा आकडा पेन्सिलने दोनदा अधोरेखित केला होता आणि म्हणाला होता, "पुढच्या वेळी हाच आकडा दिसला तर तुम्हाला लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरू देणार नाही." म्हणजे मग टेलिफोनचं टेबल. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या आणि दुरुस्तीला दुसऱ्यांना पाठवायचं. त्या टेबलावर गेलेला माणूस परत मशीन रूममध्ये आलेला ब्रेकरावांनी पाहिला नव्हता. तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि म्हणून गेले पाच आठवडे रोज सकाळी ही जांभळी सायकल.

रस्ता ठरलेला होता. बाग, शाळेची मागची भिंत, मग पुलाचा चढ, पलीकडे उतरून वळसा आणि परत. चढावर दिव्याचे सात खांब होते. पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्यापाशी त्यांनी श्वास मोजायला सुरुवात केली. ऐक, म्हणत त्यांनी स्वतःच्याच छातीकडे लक्ष लावलं, मशीन रूममध्ये लावतात तसं. चौथा खांब यायच्या आत ती आली. छातीच्या मधोमध दाब, मग डाव्या खांद्यातून खाली कोपरापर्यंत उतरणारी कळ.

ते उतरले. सायकल खांबाला टेकवली आणि शर्टाच्या डाव्या खिशावर मूठ आवळून उभे राहिले. कपाळाला गार घाम आला होता. आत्ता जाईल, आत्ता जाईल, असं म्हणत ते घड्याळाच्या काट्याकडे बघत राहिले. आपण इथे, या बास्केटच्या सायकलपाशी, रस्त्यावर आडवे झालो तर कोण कुणाला कळवणार, या विचाराने त्यांनी खिसे चाचपले. खिशात ना मोबाइल होता, ना नाव लिहिलेला कागद.

फिरायला निघालेली एक मुलगी थबकली. "काका, बरं आहे ना?"

"हो हो. चेन उतरली."

मुलीने चेनकडे पाहिलं. चेन जागच्या जागी होती. थोडं पुढे जाऊन तिने एकदा मागे वळून बघितलं, आणि ती गेली.

चार मिनिटांनी कळ ओसरली. ब्रेकराव उरलेला चढ न चढता तिथूनच मागे फिरले.

पार्किंगमध्ये सायकल लावल्यावर त्यांनी पुन्हा कार्ड काढलं. उजव्या टोकाला शेऱ्याचा रकाना होता. चाचणीत जे जाणवलं ते तिथे लिहायचं. ब्रेकरावांनी लिहिलं, 'चढावर चौथा खांब. कळ, डावा हात. ४ मि.' लिहून झाल्यावर नजर आपोआप वरच्या ओळींवर गेली. पहिल्या आठवड्यात नुसतं 'दम'. दुसऱ्यात 'सहावा खांब, १ मि.' मग 'पाचवा, २ मि.' पुन्हा पाचवा, तीन मिनिटं. आता चौथा. कुठल्या इमारतीच्या लिफ्टचं असं कार्ड हातात आलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. त्यांनी कार्ड पाकिटात सरकवलं आणि पाकीट सीटखाली अडकवलं.

ते तोंडाने खोटं बोलू शकत, बायकोशी तर गेला महिनाभर रोज बोलत होते. कार्डावर मात्र त्यांना खोटं लिहिता येत नसे. हात वळतच नसे. कार्डावर सही करणाऱ्याच्या हाती आपला जीव सोपवून लोक वरखाली करतात, हे त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं होतं, आणि ते हाडात मुरलं होतं. सायकलच्या कार्डावर सायकलबद्दलच लिहायचं असतं, एवढीही सूट त्यांनी स्वतःला दिली नाही.

घरी बायको शिलाईच्या मशीनवर होती. ती पडदे शिवायची आणि लोकांचे कपडे सैल किंवा घट्ट करून द्यायची. समोर कुणाचा तरी निळा पडदा जमिनीपर्यंत पसरला होता.

"कसं झालं?"

"मस्त. एकदम मोकळं वाटतं."

"आज उशीर झाला."

"चेन उतरली मध्येच."

"परवाही उतरली होती." तिने पायडलवरचा पाय थांबवला. "अहो, हा शर्ट आत्ताच इस्त्रीचा घालून गेलात. फक्त हा डावा खिसाच इतका चुरगळतो कसा?"

"वाऱ्याने."

"वारा बरा खिसा ओळखून येतो."

ब्रेकराव हसले आणि चहाचा कप घ्यायला हात पुढे केला. तिने कप दिला. देताना तिची नजर त्यांच्या बोटांवर थांबली, नखांवर, मग तळहातावर. बोटं स्वच्छ होती, काळा डाग कुठेच नव्हता. मुलगी शाळेत होती तेव्हा हीच चेन बसवून देताना बायकोच्या स्वतःच्या हातांवरचं वंगण दोन दिवस जात नसे.

"एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?" तिने विचारलं.

"पंधरा तारखेला बघणारच आहे की कंपनीचा डॉक्टर. उगाच दोनदा कशाला?"

तिने मान हलवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. निळा पडदा सुईखालून हळूहळू सरकत राहिला.

त्या दिवशी दुपारी ब्रेकराव एका नऊ मजली इमारतीच्या मशीन रूममध्ये होते. ब्रेक लागताना बारीक खरखर येत होती. गेल्या महिन्यात ती फक्त भरल्या लिफ्टला येत होती, आता रिकाम्यालाही येत होती. त्यांनी मुख्य स्विच पाडला, त्याला लाल पाटी बांधली, पाटीवर स्वतःचं नाव आणि वेळ लिहिली. खाली सातव्या मजल्यावरचे आजोबा पिशवी घेऊन वाट बघत होते.

"अहो, चालतेय की व्यवस्थित! एवढ्याशा आवाजासाठी बंद?"

"आजोबा, आवाज बारीक आहे. पण तो लवकर यायला लागलाय."

"म्हणजे मी जिने चढू?"

"एक दिवस चढा. हवं तर द्या मला शिव्या," असं म्हणून ब्रेकरावांनी पिशवी स्वतःकडे घेतली. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी आजोबांच्या निमित्ताने जरा टेकून घेतलं, चौथ्यावर पुन्हा. सातव्यावर पोचल्यावर कोण कुणाला वर घेऊन आलं, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

लाल पाटीचा एक नियम होता. ज्याने लावली त्यानेच काढायची. साहेब असो की मालक, दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. पूर्वी एकदा कुणीतरी घाईने दुसऱ्याची पाटी काढून स्विच चढवला होता आणि तेव्हा शाफ्टमध्ये असलेला माणूस आता स्टोअरमध्ये बसून एक पाय जपून टाकत चालतो. ब्रेकरावांनी तो दिवस पाहिला होता. नवीन माणसाला ते पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवत नसत, एवढंच शिकवत. अशा दोन-चार पाट्या त्यांच्या घरच्या हत्यारांच्या पेटीतही कायम पडून असत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली उतरले तेव्हा हातात किल्ली होती आणि मनात चौथा खांब. आज हळू जायचं, त्यांनी ठरवलं होतं. पाचव्यापर्यंत गेलो तरी पुष्कळ. पंधरा तारखेला अकराच दिवस उरले होते.

सायकलच्या हँडलला लाल पाटी बांधलेली होती.

'बंद. काम चालू आहे. काढू नये.' खाली छापलेल्या ओळीवर 'लावणाऱ्याचं नाव' पुढे लिहिलं होतं, 'बायको'. वेळ होती पाच वाजून दहा मिनिटं. पाटी पडद्याच्या निळ्या दोऱ्याने बांधली होती, चार पदरी, आणि गाठ शिलाईतली होती, ओढून न सुटणारी.

ब्रेकरावांच्या छातीत धस्स झालं, पण ते चढावरचं नव्हतं. त्यांनी खाली वाकून पाकीट काढलं. कार्डावर शेऱ्याच्या शेजारी 'पडताळणी' असा आणखी एक रकाना होता. तिथे दुसऱ्या माणसाने बघून सही करायची असते. सायकलला दुसरा माणूस कुठून आणणार, म्हणून पाच आठवडे तो कोराच होता. आता तो भरला होता. 'दम' पासून 'चौथा खांब' पर्यंत प्रत्येक ओळीसमोर तिची सही होती. एकही ओळ सुटली नव्हती. पहिल्या सह्या नीट होत्या, शेवटच्या दोन थरथरल्या होत्या.

"वहिनी पहाटेच आल्या होत्या," वॉचमन लांबून म्हणाला. "बराच वेळ इथे बसल्या होत्या, या फरशीवर. मी म्हटलं खुर्ची देऊ का, तर नको म्हणाल्या."

खिशातल्या घरच्या किल्ल्यांच्या जुडग्याला छोटी कात्री होती. दोरा कापायला दोन सेकंद लागले असते. ब्रेकरावांचा हात खिशापर्यंत गेला. मग त्यांनी तो बाहेर काढला आणि पाकीट होतं तिथे अडकवून ठेवलं.

वर दार उघडंच होतं. बायको खुर्चीत बसली होती, पायांत चपला, मांडीवर त्यांच्या जुन्या रिपोर्टांची फाइल. डोळे लाल झाले होते. मशीनवर झाकण होतं.

"अगं, पाटी काढ ना," ते दारातूनच म्हणाले.

"आत्ता दवाखान्यात जायचं. तपासणी झाली की काढीन."

"मला शाफ्टमध्ये उतरू देणार नाहीत. टेबलावर बसवतील."

"बसवू देत." तिने मांडीवरची फाइल घट्ट धरली. "बसलेले तरी दिसाल. तुम्ही रोज त्या चढावर जात होतात आणि मी इथे पडदे शिवत होते. कार्डाला सगळं सांगितलंत. मला एकदा सांगायचं होतं."

घाबरलो होतो, एवढंच खरं उत्तर होतं, आणि ते ब्रेकरावांनी शेवटी दिलं. हळूच, चपला न काढता, दारात उभ्याउभ्या.

"माहीत आहे," ती म्हणाली. "अक्षरावरून कळतं."

ती उठली. त्यांनी फाइल स्वतःकडे मागितली तर तिने दिली नाही. दोघं खाली आले तेव्हा वॉचमन जांभळ्या सायकलपाशी वाकला होता. मागची स्कूटर बाहेर काढायला सायकल बाजूला घ्यायची होती, आणि हँडलवर लोंबणारी पाटी मध्ये येत होती, म्हणून तो निळी गाठ नखाने उकलायला बघत होता.

"ए, थांब!" ब्रेकराव ओरडले. मशीन रूममधला तो आवाज पार्किंगमध्ये घुमला आणि वॉचमनने चटका बसावा तसा हात मागे घेतला. बायकोनेही दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

"सायकल उचलून बाजूला ठेव," ते जरा दम घेऊन म्हणाले. "पाटीला हात लावू नकोस. ती हिनं लावलीय."