मिरचीच्या तेलाची बाटली

मित्रांनो, मी काळसर काचेची एक जुनी बाटली आहे. माझ्या बुडाशी एक टवका उडाला आहे आणि अंगावरचं लेबल निम्मं पुसलं गेलं आहे. उरलेल्या निम्म्यात एक लाल मिरची तेवढी दिसते. त्या मिरचीवरून एका घरात बराच काळ अबोल रुसवा होता आणि मी सगळं जाणूनही गप्प बसले होते.

माझा जन्म भट्टीतला. पण मी कामाला लागले ती तेलाच्या कारखान्यात. तिथे ऑलिव्हची हिरवी फळं पिळून तेल काढायचे आणि वाळलेल्या लाल मिरचीचा तिखटपणा त्यात उतरू द्यायचे. ते तेल पहिल्यांदा माझ्या पोटात गेलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. दुकानात आल्यावर ते कौतुक उतरलं. माझ्या शेजारी नक्षीदार बाटल्या होत्या, गळ्यात रेशमी फिती, आत सुबक मिरच्या तरंगणाऱ्या. गिऱ्हाइकं त्यांच्याकडे धावायची, आणि मी आपली मागच्या रांगेत.

एके दिवशी एक बाई आल्या. माहेरी त्यांना सगळे धाकटी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. धाकटीला वहिनीसाठी भेट घ्यायची होती. तिनेही हात घातला तो फितवाल्या बाटलीलाच.

दुकानदारीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शोभेला ठेवायची असेल तर ती घ्या. खायला हवी असेल तर आधी चव बघा."

त्यांनी पावाच्या तुकड्यांवर दोन-तीन तेलं घातली. "आधी तेलाचा वास आला पाहिजे, कापलेल्या गवतासारखा. तिखट मागून यावं, हळूहळू. नुसतीच आग लागली तर समजा, खालचं तेल बरं नाही. आणि काच गडद हवी, तारीख ताजी हवी."

धाकटीने माझ्यातलं तेल चाखलं आणि क्षणभर डोळे मिटले. "हे फोडणीला चालेल?"

"छे! हे वरून घालायचं. ज्याला हवं त्याने आपापल्या ताटात."

"आपापल्या ताटात?" धाकटीने पुन्हा विचारलं. मग मला उचलून म्हणाली, "मग हीच द्या. आमच्या वहिनीला हेच हवंय."

ती असं का म्हणाली, ते तिने बाईंना सांगितलं आणि मी ऐकलं. धाकटीच्या वडिलांना पोटाचा जुनाट आजार होता. त्यांना तिखट वर्ज्य, आणि जीव मात्र तिखटातच अडकलेला. कुणाच्या ताटात मिरची दिसली की हात पुढे यायचा. म्हणून वहिनीने सगळ्या घराचाच स्वयंपाक फिका करून टाकला. दूर राहणाऱ्या धाकटीला फिक्या जेवणाचं हे कारण ठाऊक नव्हतं. एकदा भरल्या पंगतीत ती हसत म्हणाली होती, "वहिनी, तुझं जेवण म्हणजे अगदी दवाखाना!" सगळे हसले होते. पुढे वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ती राहायला आली, तेव्हा तिला दिसलं की सगळ्यांना वाढून झाल्यावर वहिनी ओट्याशी उभ्याने जेवते, डाव्या हातात हिरवी मिरची लपवून. धाकटीला स्वतःची लाज वाटली. आता वडील गेले होते आणि तिला वहिनीला तिखट द्यायचं होतं, तिच्या स्वतःच्या ताटात.

केवढी सुंदर भेट! पण धाकटीने घोळ घातला. माहेरून निघताना, बस गाठायच्या घाईत, तिने मला वहिनीच्या हातात कोंबलं. "हे तुझ्यासाठी गं," एवढंच म्हणाली आणि पळाली.

वहिनीने लेबल पाहिलं. तिचा चेहरा पडला.

"बघा हो, तुमच्या बहिणीचं आमच्या दवाखान्यावर अजून लक्ष आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, चांगली दिसतेय की बाटली."

"दिसू दे. इथेच दिसू दे." तिने मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

मित्रांनो, तिथे रोज दुपारी ऊन येई. तेलाला ऊन सोसत नाही, पण मी कुणाला सांगणार? मला तोंड होतं, त्यावर घट्ट बूच होतं. वहिनी मला नियमाने पुसायची आणि कधीच उघडायची नाही. घरात आजारी कुणी उरलं नव्हतं, तरी सवयीने सूप फिकं, बटाटे फिके. आणि ती अजून ओट्याशी उभी, डाव्या हातात मिरची, माझ्यापासून हातभर अंतरावर. माझा जीव तुटायचा. जे सांगायचं ते मला माहीत होतं, आणि माझ्या पोटातलं तेल रोज थोडं थोडं म्हातारं होत होतं.

वर्षाने धाकटी आली. खिडकी उघडताना तिचा हात माझ्यावर थांबला. "वहिनी, अजून उघडली नाहीस?"

"दवाखान्यात असलं चालत नाही," वहिनी बटाटे सोलत म्हणाली.

धाकटी मटकन खुर्चीत बसली. "तू ओट्याशी उभ्याने जेवायचीस ना. बाबांना दिसू नये म्हणून मिरची मुठीत धरून."

वहिनीची सुरी थांबली. "तू पाहिलंस?"

"रोज पाहत होते. म्हणून आणलं गं हे. बाबांसाठी इतकी वर्षं फिकं खाल्लंस, आता तुला हवं तसं खा म्हणून. आणि तेव्हा मी शहाणी सगळ्यांसमोर हसले होते."

"मग देतानाच का नाही बोललीस?"

"बस सुटत होती."

"वर्षभर सुटत होती का गं बस?" वहिनी म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

मग त्यांनी माझं बूच काढलं. मला त्या क्षणाची किती आस होती! पण तेल खवट झालं होतं, जुन्या अक्रोडासारखा वास येत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनीने मात्र मला टाकलं नाही. धुऊन, पालथी घालून वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी नणंदेबरोबर मला घेऊन गावातल्या त्याच दुकानात गेली. तिथे सुटं तेल भरून मिळायचं. दुकानदारीणबाईंनी पावाचे तुकडे पुढे केले. वहिनीने सगळी तेलं चाखली आणि ठामपणे म्हणाली, "हे नको. मला याहून तिखट हवं." त्या घरात ती 'मला हवं' म्हणाल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

आता मी अंधाऱ्या कपाटात राहते, शेगडीपासून लांब. जेवणाच्या वेळी मला टेबलावर आणतात. वहिनी बसून जेवते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. रांधणाऱ्या माणसाला भेट द्याल तेव्हा त्याला काय आवडतं ते आधी बघा, आणि तीच का निवडली ते तोंडाने सांगा. भेट मिळाली तर शोभेला ठेवू नका, वापरा.

परवा मी रिकामी झाले. वहिनीचा नवरा कुणी न सांगता मला पिशवीत घालून दुकानात घेऊन गेला. इतकी वर्षं तिच्याच हातचं जेवणारा तो माणूस काउंटरपाशी जरा अवघडून उभा राहिला.

"तिखटातलं द्या," तो म्हणाला. "आमच्या हिला तिखट आवडतं."