ओलं बोट

इस्त्रीच्या दुकानात बायको टेबलाशी दिवसभर उभी असायची आणि नवरा एकुलत्या एका स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा छाटायचा. जुन्या मधुमेहानं तिची पावलं बधिर झाली होती. एक दिवस उजवं पाऊल टम्म सुजलं, लालबुंद झालं.

"अहो, पाय गरम लागतोय."

"दुखतोय का?"

"नाही."

इस्त्री तपासतात तसं त्यानं बोट थुंकीनं ओलं करून तिच्या पावलाला लावलं. "चर्र झालं नाही! अजून तापायचाय. चल, उरक." गिऱ्हाईक खो खो हसलं. तीही हसली, खरंच दुखत नव्हतं.

दोन महिन्यांनी पाऊल वाकडं झालं, तेव्हा कुठे दवाखाना दिसला. एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई तडकल्या, "हाडांचा चुरा झालाय! बधिर पाय दुखेल कसा? आता प्लास्टर. पाय अजिबात टेकायचा नाही."

नवऱ्यानं विचारलं, "हात तर धड आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मोठ्या मनानं आपलं स्टूल टेबलाशी सरकवलं. बसून इस्त्री झक्क होत होती. दोन महिन्यांपूर्वीही झाली असती.