रेडिओपुढची जागा

वेस्ट मांबलममध्ये व्यासराजाच्या घरी रेडिओ आला तेव्हा त्याला आधी हळदकुंकू लावलं आणि मग वीज जोडली. ती पूजा चालली असताना राजसबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. आपल्याला कुणी बोलावणार नाही हे तिला ठाऊक होतं.

राजसबाई म्हणजे व्यासराजाच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गजेंद्र तंजावरात तापाने गेला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. तेरावा व्हायच्या आत तिचे केस उतरवले, लाल आलवण नेसवलं आणि धाकट्या दिराकडे मद्रासला आणून सोडलं. तेव्हापासून ती त्या घरात सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर जेवते. याला आसरा म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं.

तिला नाद एकच होता, क्रिकेटचा. हसू येत असेल तर हसून घ्या. गजेंद्र कचेरीतून सुटला की क्लबच्या रेडिओवर सामना ऐकायचा आणि घरी येऊन जमिनीवर चिंचोके मांडून तिला सगळा खेळ समजावायचा. हा स्लिपमधला, हा यष्टीमागचा. बाई शाळेत गेली नव्हती, इंग्रजीचं अक्षर तिला येत नव्हतं, पण रेडिओवरचं ते सामन्याचं इंग्रजी तिला कळायचं. शब्द कमी कळायचे, आवाज जास्त. सांगणाऱ्याचा आवाज चढला की हिचा हात थांबायचा.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक अंधारी, बोळासारखी रेळी होती, तिथे बसून ती निवडणं-टिपणं करत ऐकायची. हॉलमध्ये पुरुष ओरडायचे, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे. विकेट पडली की माणसाला शेजारच्याकडे बघावंसं वाटतं. हिच्या शेजारी सुपात उडीद असायचे.

त्या वर्षी पोंगलच्या आठवड्यात चेपॉकवर वेस्ट इंडीजचा सामना होता. व्यासराज रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क, त्याने पोटदुखीची रजा टाकली. त्याचा मेहुणा सेतुमाधव, तो ह्याला तमिळ रीतीने 'अत्तान' म्हणजे भावोजी म्हणायचा, बँकेत होता, त्यालाही नेमकी त्याच दिवसांत पोटदुखी झाली. माडीवरचा भाडेकरू रत्नाकर पुण्याकडचा, अंबत्तूरच्या कारखान्यात सुपरवायझर. तो सुधारक. जानवं काढून ठेवलेलं, आणि हे तो दर दोन दिवसांनी कुणाला तरी सांगायचा.

चौथ्या दिवशी आपला दुसरा डाव चालला होता. व्यासराजाच्या बायकोचे, विशालाक्षीचे हात पिठात होते, म्हणून कॉफीचे पेले घेऊन राजसबाई हॉलमध्ये गेली. पेले खाली ठेवले आणि आपला एक गडी बाद झाला. थोड्या वेळाने ती रिकामे पेले न्यायला आली, तर दुसरा.

सेतुमाधव मांडीवर हात मारून म्हणाला, "अत्तान, पाहिलंत का? वैनी समोर आल्या की विकेट जाते!"

"गप रे," व्यासराज म्हणाला. पण तो रेडिओकडे न बघता भावजयीकडे बघत होता.

रत्नाकर हसला. "अहो, असं नुसतं म्हणून नाही चालत. प्रयोग करून पाहायला हवा. वैनी, जरा पाणी आणता?"

तिने पाणी आणलं. तिसरा गेला.

रत्नाकराने हे थट्टेत केलं होतं. थट्टा करणाऱ्याचं बरं असतं, त्याला पुढचं काही निस्तरावं लागत नाही. त्या संध्याकाळी त्या घरात जी चर्चा झाली ती काशीच्या पंडितांत शोभली असती. व्यासराजाचं म्हणणं, विधवा आडवी जाणं हा वाटेचा अपशकुन, घरातून निघताना पाळायचा. रेडिओला कुठली वाट?

"अत्तान, तो बिनतारी आहे," सेतुमाधव म्हणाला. "तार असती तर तारेपुरतंच भय. ह्याला तारच नाही, म्हणजे कुठूनही लागतं की!"

"आणि ती रेळीत बसली तर? दिसत तर नाही."

"दिसत नाही, पण ऐकते ना?"

ऐकण्यानेही विटाळ होतो असं ठरलं. पदवीधर माणसं होती बरं का सगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शेवटच्या दिवशी, व्यासराज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. वेस्ट इंडीजचे सगळे गडी बाद करायचे होते, नाहीतर सामना हातचा जाणार होता.

"वैनी, आज तुम्ही मठात जाऊन बसा की. सामना संपल्यावर या म्हणून सांगतों."

"मी रेळीत बसते. समोर नाही येत."

"नको. जाच तुम्ही."

राजसबाईने विळी आडवी केली. त्या घरात ती कधी उलट बोलली नव्हती. "व्यासू, चेपॉकावर आपण पहिल्यांदा इंग्रजांस हरवलं, तेव्हा मी तिथे बाकावर बसले होते. तुझ्या अण्णांनी नेलं होतं मज. मी होते तरी जिंकलेच ना?"

 व्यासराज अगदी सौम्यपणे, समजूत घालावी तसा बोलला. "तेव्हा अण्णा होता, वैनी."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. तिने हात धुतले, आलवणाचा पदर डोक्यावरून ओढला आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

मठाच्या दाराला कुलूप होतं. पुजारी सकाळची पूजा उरकून कुठल्या तरी रेडिओपाशी गेला असणार. ती पायरीवर बसून राहिली. ऊन पायरीवर आलं तशी उठली. कुठे जाणार? बाजूच्या प्रत्येक खिडकीतून तोच आवाज येत होता. सगळं मांबलम सामना ऐकत होतं, आणि हिने तेवढा ऐकायचा नाही.

चालत चालत ती स्टेशनाकडे आली. तिथे सुब्बाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने रेडिओ बाहेर फळीवर मांडला होता आणि रस्त्यावरच गर्दी जमली होती. विद्यार्थी, हमाल, दोन पोस्टमन, लुंगी वर खोचलेला एक भाजीवाला. राजसबाई जरा लांब, विजेच्या खांबाशी उभी राहिली. सामना ऐकण्यासाठी ती पहिल्यांदाच आकाशाखाली उभी होती.

आणि गडी पडायला लागले. आपल्या फिरकीवाल्यांनी चेंडू असा वळवायला घेतला की सांगणाऱ्याचा आवाज खाली येईना. एक गेला. गर्दी नाचली. आणखी एक गेला. तिसरा गेला तेव्हा राजसबाईच्या तोंडून "गेला!" असं मोठ्याने निघालं आणि भाजीवाल्याने मागे वळून पाहिलं.

"एय, ही अम्मा आल्यापासून तीन पडले!" तो तमिळमध्ये ओरडला.

"खरंच की!"

"अम्मा, हलू नका हं तिथून!"

सुब्बाने दुकानातलं स्टूल आणलं, फडक्याने पुसलं आणि खांबापाशी ठेवलं. "बसा अम्मा. आज तुम्हीच आमच्या लक्ष्मी." कुणीतरी सोडा आणून दिला. बाहेरचं काही तोंडात न घालणारी ती बाई, तिने तो प्याला हातात धरला आणि प्यायली. पुढचा गडी पडला तेव्हा सगळेच्या सगळे वळून तिच्याकडे बघून ओरडले, एक पोस्टमन तर हात जोडून वाकला. ती हसत होती. डोळे भरून येत होते, नि ती हसत होती.

हाही तोच मूर्खपणा होता, फक्त उलट्या बाजूने शिवलेला. तिला ते कळत नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं जिला बघून लोक पाऊल मागे घेतात, तिला कुणी "हलू नका" म्हटलं तर ती काय वाद घालत बसणार?

सात गडी बाद झाले. जिंकायला तीन हवे होते, आणि बराच वेळ हाताशी होता. मग त्यांचा कप्तान आणि तो धिप्पाड वेगवान गोलंदाज जोडीने उभे राहिले. कप्तान मारत होता. गोलंदाज बॅट बाजूला ठेवून पाय पुढे करत होता, चेंडू पॅडवर आपटत होते. एक षटक गेलं, आणखी गेली. गर्दीचा आवाज बसला. विड्या पेटल्या.

"अम्मा, जरा तोंड पूर्वेला करून बसा बघू," भाजीवाला म्हणाला.

तिने स्टूल फिरवलं. काही झालं नाही.

"उभ्या राहा अम्मा. मघाशी उभ्या होतात."

ती उभी राहिली. चेंडू पॅडवर. पुन्हा पॅडवर. आता लोक तिच्याकडे वेगळं बघायला लागले. पदर मागे सरकला होता, मुंडण केलेलं डोकं उन्हात उघडं पडलं होतं, ते आता त्यांना दिसलं. मघाशीही ते तिथेच होतं. एक विद्यार्थी दुसऱ्याच्या कानाशी लागला. भाजीवाला पचकन थुंकला.

शेवटी सुब्बा आला. भला माणूस, म्हणून त्याच्याकडे काम दिलं असावं. "अम्मा, घरी वाट बघत असतील तुमची."

"कोणी बघत नाही," ती म्हणाली.

"तरी पण अम्मा..." आणि त्याने स्टूल उचललं.

रस्ताभर खिडक्यांतून सामना चालूच होता. घरापाशी आल्यावर राजसबाई मागच्या दाराकडे वळली नाही. पुढच्या पायऱ्या चढून, चपलांचा ढीग ओलांडून सरळ हॉलमध्ये गेली आणि रेडिओच्या समोर, अगदी समोर, मांडी घालून बसली.

सेतुमाधव किंचाळलाच. "अय्यो! वैनी! आता कुठे तीन राहिलेत!"

"ठाऊक आहे मज."

"वैनी, आत जा," व्यासराज म्हणाला.

"नाही जात."

"अत्तान, बंद करतो मी रेडिओ!" सेतुमाधवाचा हात बटणापर्यंत गेला.

"कर," राजसबाई म्हणाली. "मग तूही ऐकू नको."

त्याचा हात तिथेच राहिला. तिला धरून उठवणार कोण? थोरल्या भावजयीच्या अंगाला हात लावायचा नाही. त्यात ती रस्त्यावरून, परक्यांच्या गर्दीतून आलेली. शिवलं तर अंघोळ, आणि अंघोळीला गेलं तर सामना बुडतो. इतकी वर्षं ज्या नियमांनी तिला रेळीत बसवलं होतं, त्याच नियमांनी आज तिला हॉलमधून कुणी हलवू शकत नव्हतं.

रेडिओवर आणखी एक षटक संपलं.

"गुरुमूर्तींकडे जाऊ," सेतुमाधव दात खाऊन म्हणाला. गुरुमूर्ती शेजारचे, त्यांच्याकडेही रेडिओ होता. "तिथे तरी हिची सावली नाही." वैनीची 'ही' व्हायला तेवढा वेळ पुरला. तो निघाला. व्यासराज दारात घुटमळला, मग तोही गेला.

रत्नाकर तेवढा उरला. राजसबाईने त्याच्याकडे पाहिलं. शेजारची रिकामी चटई जराशी त्याच्या बाजूला सरकवली.

"अहो वैनी, माझा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नाही," तो म्हणाला. "पण आता सगळे तिकडे गेलेत, एकट्याने ऐकायला मजा नाही येत." आणि चपला पायात सरकवून गेला.

एकट्याने. त्याला जाताना हाच शब्द सापडला.

मग राजसबाईने सामना ऐकला. आडून नाही, अर्धा नाही, सुपातले खडे बघत नाही. रेडिओचा हिरवा दिवा तिच्या तोंडावर पडला होता. एक चेंडू बॅटच्या कडेला चाटून गेला आणि हजारो माणसं एकदम हळहळली, तेव्हा तिचा हात आपोआप बाजूला गेला, कुणाचं तरी मनगट धरायला. चटई थंड होती. भिंतीपलीकडे गुरुमूर्तींच्या घरात तीच हळहळ उठली, पाच-सहा गळ्यांची एकत्र.

शेवटपर्यंत ते दोघे बाद झाले नाहीत. सामना अनिर्णित राहिला. रेडिओवर टाळ्या वाजल्या, त्या कुणासाठी होत्या हे तिला समजलं नाही.

खोटं कशाला सांगू, आपण काही जिंकलो असं तिला वाटलं नाही. तिला सामना हवा होता हे खरं. पण त्याहून जास्त हवी होती ती गर्दी, त्या थापा, 'पाहिलंत का!' म्हणून कुणाकडे तरी वळणं. जागा मिळाली, आणि जागेभोवतीची माणसं उठून गेली.

भिंतीपलीकडून सेतुमाधवाचा आवाज आला, "ती घरात जाऊन बसली ना, तिथेच गेला सामना!" आणि त्यावर हसणं. त्यात रत्नाकराचंही हसणं होतं, ते तिने ओळखलं.

अंधारू लागलं तरी ती उठली नाही. विशालाक्षी स्वयंपाकघरातून आली. हातात काडेपेटी आणि तेलाची वाटी.

"अक्का, इथला दिवा लावायचाय. तेवढं आत जाता का?"

"लाव तू. मी इथे बसलेय."

"दिव्याच्या वेळेला समोर..." विशालाक्षी अडखळली. तिने पुढच्या दाराकडे पाहिलं. पुरुष अजून आले नव्हते.

"लाव," राजसबाई पुन्हा म्हणाली.

रेडिओवर तमिळ बातम्या सुरू झाल्या होत्या. विशालाक्षी उंबऱ्यातच काडेपेटी घट्ट धरून उभी राहिली. तिला हॉलमध्ये पाऊल टाकवेना, आणि मागेही जाववेना.