मुकुलच्या गाडीतलं गुलाबी तीर्थ

डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एवढी गर्दी उसळली, की वॉचमनला दोरी बांधून रांग लावावी लागली. रांगेच्या टोकाला देऊळ नव्हतं. मुकुलची जुनी गाडी होती. बॉनेटवर झेंडूचे हार, डाव्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागी स्टीलचं पातेलं, आणि डॅशबोर्डखालून त्यात टपटपणारं गुलाबी, गोडसर वासाचं पाणी.

शेजारी भगव्या शालीत शीतलबाबा. मुकुलच्या आईने, कलावतीबाईंनीच त्यांना आणलं होतं.

"भक्तांनो, ही गाडी नव्हे, हे गोमुख आहे!" बाबा गरजले. "पुरावा पाहिजे? मुकुल, हीटर फुल्ल कर. आता वाऱ्यासमोर हात धरा. गरम की गार?"

"गार!" रांग ओरडली.

"हीटर पेटवला तरी गार! हा देवीचा श्वास. पॉझिटिव्ह व्हायब्रेशन! काचेवर धुकं धरलंय, त्यात तिचा मुखवटा बघा. ज्याचं मन शुद्ध, त्यालाच दिसेल."

हे ऐकल्यावर मुखवटा सगळ्यांनाच दिसला. चौथ्या मजल्यावरच्या नयनरावांना तर नथसुद्धा दिसली.

जिन्यात उभ्या असलेल्या विनिताला मात्र वेगळंच काही दिसत होतं. ती मुकुलची बायको, ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. डिसेंबरात महाबळेश्वरला जाताना याच हीटरने गार वारा फेकला होता आणि ती घाटभर शाल गुंडाळून कुडकुडली होती. मग गाडीतलं कार्पेट ओलं झालं. एसीचं असेल, असं मुकुल म्हणाला. पण एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि गाडीखाली रस्त्यावर पडतं. हे आत पडत होतं आणि बोटांना चिकटत होतं. काचेवरचा थरही फडक्याने जाईना, तेलकट होता. त्यात बाबा रोज पूजेच्या नावाखाली बॉनेट उघडून आतल्या प्लास्टिकच्या टाकीत तांब्याने 'गंगाजल' ओतायचे. गंगा गुलाबी कधी झाली?

आदल्या दिवशी तिने घरात हे बोलून पाहिलं होतं. "तुम्हा शिकलेल्यांना सगळ्यातच खोट दिसते," असं म्हणून कलावतीबाईंनी विषय संपवला होता.

इतक्यात रांगेतली शेजारीण शुभदा पुढे झाली. तिच्या कडेवर खोकणारी चार वर्षांची सान्वी होती. बाबांनी चमचाभर तीर्थ पोरीच्या ओठांशी नेलं.

"थांबा!" विनिता धावली. तिच्या हाताच्या फटक्याने चमचा खणखणत फरशीवर पडला.

"विनिता! तीर्थ सांडलंस?" कलावतीबाई ओरडल्या.

"आई, ते तीर्थ नाही, विष आहे. शुभदा, पोरीला मागे घे."

गर्दी खवळली. बाबा मात्र हसले. "बाई, विज्ञान जिथे संपतं ना, तिथे आम्ही सुरू होतो."

"मग मीही नैवेद्य दाखवते," विनिता गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही ओतता त्याच टाकीत. चालेल ना?"

सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार?

"पण आधी इंजिन बंद. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. गार होईपर्यंत तुम्ही आरत्या म्हणा."

बाबांना पाठ असलेल्या आरत्या संपल्या, मग ते पुन्हा पहिलीवर आले. तोवर विनिताने घरून पाण्याची मोठी बाटली आणली आणि त्यात केकचा निळा रंग कालवला. इंजिन गार झाल्यावर तिने सगळी बाटली टाकीत रिकामी केली, झाकण घट्ट लावलं आणि मुकुलला गाडी सुरू करायला सांगितलं.

थोडा वेळ सगळे पातेल्यावर वाकून राहिले. थेंब गुलाबी. गुलाबी. मग जांभळा!

"शनीचा रंग!" बाबा घाईघाईने म्हणाले.

"बरं. मुकुल, हीटर लाव."

मुकुलने हात धरला आणि मागे घेतला. "अरे, गरम येतंय! चांगलंच गरम!"

"देवीला ताप आला वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

विनिता सगळ्यांकडे वळली. "इंजिन तापू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी आणि कूलंट नावाचं गोडसर, विषारी रसायन फिरत असतं. तेच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून जातं. पंखा तिच्यावरून वारा ढकलतो. झाला हीटर! आपली जाळी फुटलीये. गळून पाणी कमी झालं, जाळीत हवा अडकली, म्हणून वारा गार. गळक्या कूलंटची वाफ बसली, म्हणून काच धुरकट. मी बाटलीभर पाणी घातलं, हवा निघाली, वारा गरम झाला. बाबा वरून तांब्याभर ओततात तेच खाली गळतं, आणि गळतं त्याहून जास्त. बाबा, चमचाभर तुम्ही घ्या ना."

"आमचा... आज उपवास आहे," बाबा म्हणाले.

नयनरावांनी बाबांची झोळी उघडली. आत कूलंटचा गुलाबी कॅन होता. बाबा शाल सोडून गेटबाहेर पळाले.

हशा चालू असतानाच कलावतीबाईंनी विनिताचा दंड धरला. "विनिता, मी सकाळी घेतलंय गं. दोन चमचे."

विनिताचं हसू विरलं. "अजून कोणी घेतलंय? लाजू नका, लगेच दवाखान्यात चला!" तिने डॉक्टरांना दाखवायला पातेल्यातलं पाणी बाटलीत भरलं, मुकुलला रिक्षा आणायला पिटाळलं आणि सासूला घेऊन निघाली. ज्यांनी तीर्थ घेतलं होतं ते सगळेच मागोमाग आले. कूलंटने किडनी निकामी होते, पण वेळेवर उपचार झाले आणि कलावतीबाईंची, बाकीच्यांचीही वाचली.

दुसऱ्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "पण ते गोड होतं गं. विष गोड कसं असेल?"

"म्हणून तर जास्त धोक्याचं, आई."

 कलावतीबाई म्हणाल्या, "हे येतंय कुठून, एवढं विचारलं असतं तर?"

एवढंच विचारायचं असतं. देवावर श्रद्धा असो वा नसो, हात जोडण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघायला कुठलाच देव मनाई करत नाही. मनाई करतो तो बाबा. त्यालाच आधी विचारा, हे येतंय कुठून.