पांढरं म्हणजे पास

"एकसुद्धा नाही?" साहेबांनी खुर्चीमागून वाकून विचारलं.

टायपिस्टबाईंनी यादी पुन्हा उघडली. ऑफिसातलं शेवटचं टंकलेखनयंत्र भंगारात जाऊन जमाना लोटला होता, पण हाक तीच राहिली होती. यादीत वर रकान्यांची नावं होती आणि खाली काही नव्हतं.

"मी म्हणालोच होतो." साहेबांच्या आवाजात ओझं उतरल्याचं सुख होतं. "बायका घरदार सोडून कुठल्या जातायत! मी वर शून्य कळवून टाकलंय, जेवणाआधीच."

"जरा थांबायचं ना, साहेब."

"मुदत संपल्यावर कशासाठी थांबू?"

बाटल्यांचा हा कारखाना बंद होऊन दूर दुसऱ्या गावी नवा उघडणार होता. भट्टीवरच्या पुरुषांची नावं साहेबांनी परस्पर पाठवली होती, ऑफिसातल्यांचीही, त्यात टायपिस्टबाईंचं होतंच. तपासणीतल्या बायकांची मात्र आधी 'इच्छा' विचारायची होती, आणि ती विचारणारा फॉर्म टायपिस्टबाईंनी केला होता. शिकवायला कुणी नव्हतं. एक जाडजूड पुस्तक, त्यातलं निम्मं न कळलेलं, आणि चुकत राहायची चिकाटी, एवढ्या भांडवलावर तिनं डेटाबेस उभा केला, फॉर्म वेबवर चढवला आणि त्याची लिंक सगळ्या बायकांच्या फोनवर पाठवली. रोज सकाळी ती तो आपल्या मशिनवर उघडून बघायची. नाव, काम, येण्यास तयार: हो की नाही. भोवती निळी किनार. उतू जाईल म्हणून दुधावर नजर ठेवावी तशी बघायची. आलेल्या नोंदी मात्र मुदतीआधी उघडायच्या नाहीत, असा साहेबांचा हुकूम होता. म्हणे, बायका एकमेकींचं बघून भरतात.

आत्ताही फॉर्म तिच्यासमोर लख्ख उघडला. किनारीसकट.

मग वहिनीचं नाव कुठंय?

वहिनी म्हणजे तिच्या गेलेल्या थोरल्या भावाची बायको. दोघी एकाच घरात राहायच्या, आणि वहिनी तर कधीपासून नव्या गावातल्या खोलीचे पडदे ठरवत होती. टायपिस्टबाई उठली आणि तडक तपासणीच्या हॉलमध्ये गेली.

तिथे बायका ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीसमोर आतून दिवा लावलेली पांढरी काच, आणि तिच्यापुढून सरकत जाणाऱ्या बाटल्या.

"या वन्सं! आज कशी आठवण झाली गरिबांची?" वहिनी नजर न हलवता म्हणाली.

"वहिनी, तू फॉर्म भरलास ना?"

"मी काय, सगळ्यांनी भरलाय. पहिल्याच दिवशी."

"काय काय भरलंस त्यात?"

"भरायचं काय? लिंक दाबली, पान आलं. पांढरंशुभ्र. कुठे रेघ नाही, डाग नाही. म्हणजे पास!"

"मी तर दोनदा दाबून खात्री केली," पलीकडची म्हणाली. "आमच्या ह्यांना वाटलं बिघडलंय. म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तपासणीतलं तुम्हाला काय कळतं!"

ओळभर हसू पसरलं. टायपिस्टबाई समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिली. उमेदीची सगळी वर्षं या बायकांनी हेच केलं होतं. बाटली उजेडापुढे आली आणि चीर, बुडबुडा, काही दिसलं तर बाजूला. काही दिसलं नाही तर पुढे. काहीच न दिसणं यापेक्षा चांगली खूण त्यांना कुणी शिकवलीच नव्हती.

"फोन दे तुझा," ती म्हणाली.

लिंक दाबली. पान आलं. पांढरंशुभ्र.

जागेवर परतल्यावर चूक शोधायला फार वेळ लागला नाही, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. नोंदी कुठे ठेवायच्या याचा पत्ता तिनं फॉर्मला दिला होता, पण तो होता तिच्याच टेबलाखालच्या मशिनमधला, सी ड्राइव्हवरचा. तिच्यासमोर बसलं की फॉर्मला सगळं सापडायचं. बाहेरच्या कुणाच्या फोनवर सापडायचं नाही, आणि सापडत नाही असं सांगायचीही त्याला बुद्धी नव्हती. नुसतं कोरं तोंड करून बसायचा. तिनं डेटाबेस सगळ्यांना पोचता येईल अशा सर्व्हरवर हलवला, पत्ता बदलला आणि शिपायाच्या फोनवर उघडून पाहिलं. आली निळी किनार.

"साहेब, फॉर्म कुणाला दिसतच नव्हता. चूक माझी आहे, तसं लिहून देते. त्या सगळ्या यायला तयार आहेत."

"तुमच्या मशिनवर दिसत होता?"

"हो, पण..."

"मग दिसत होता."

ती दारातून हलेना. शेवटी साहेबांनी वैतागून मुख्य ऑफिसला फोन लावला आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"ते तपासणीचं शून्य," साहेब म्हणाले, "त्यात काही बदल करता येईल का?"

"बदल कशाला?" पलीकडचा आवाज मोकळेपणानं हसला. "झालं ते बरंच झालं की. तपासायचं मशीन तर केव्हाच मागवलंय. बायका हो म्हणाल्या असत्या तर आमचीच पंचाईत होती."

साहेबांनी फोन ठेवला. थोडा वेळ टेबलावरची पेन्सिल सरळ करत बसले.

"ऐकलंत? तुमची चूक कुणाला नडलेली नाही."

तपासणीच्या हॉलपर्यंतचं अंतर तिनं पाय ओढत कापलं. सगळं सांगितलं, मागवलेल्या तपासणीच्या मशिनचंसुद्धा. पट्टा चालूच होता. वहिनीचे हात बाटल्यांवरून तसेच फिरत राहिले.

"म्हणजे आम्ही नको म्हणालो, असं गेलं वर?"

"हो."

"तुमचं नाव आहे?"

"आहे. पण मी काही जात नाही."

"का? दोघींनी घरी बसून एकमेकींची तोंडं बघायची? चूक केलीत ती केलीत, आता खुळेपणा नको." तिनं एक बाटली उचलून बाजूला टाकली. "आता भरता येतो तो फॉर्म?"

"येतो. पण वहिनी, तो आता कुठेच जाणार नाही."

"न जाईना. राहील ना कुठेतरी? आम्ही नको म्हणालो नव्हतो, एवढं तरी राहू दे. फोनवर नको मात्र. तुमच्या मशिनवर भरू."

पाळी सुटल्यावर बायका ऑफिसात आल्या. इतक्या वर्षांत त्यातल्या बऱ्याच जणींनी तो उंबरा ओलांडला नव्हता. साहेब घरी गेले होते. वहिनीनं हातमोजे काढले, हात पुसले आणि खुर्चीच्या कडेवर बसली. एका बोटानं अक्षरं शोधत तिनं नाव लिहिलं.

"इथे काय?"

"काम."

"तपासणी," वहिनी स्वतःशीच म्हणाली आणि ते लिहायला बराच वेळ लावला. मग 'हो'समोर खूण केली. "दाबू?"

"दाब."

पडद्यावर ओळ उमटली. वहिनी वाकून ती सावकाश, मोठ्यानं वाचायला लागली.

"आपला अर्ज मिळाला. आपण आमच्याबरोबर येत आहात याचा आनंद आहे." तिनं मान वर केली. "हे तुम्ही लिहिलंत, वन्सं?"

"हो."

"छान लिहिलंयत," वहिनी म्हणाली, आणि मागचीला बसता यावं म्हणून उठली.