जाळीवर पडणारी धार

बाबांनी पस्तीस वर्षं लोकांच्या घरचे नळ बसवले. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन त्यांना खोलीत आणलं, तेव्हा गुंगी पुरती उतरायच्या आतच त्यांची नजर कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली. नळ सोडून दाखव म्हणाले. मी सोडला.

"धार थेट भोकावरच्या जाळीवर पडतेय. खालच्या पाइपच्या वाकातली घाण वर उडणार. कुणी बसवलंय हे?"

सिस्टर सलाइन लावत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या ऑफिसच्या साहेबांकडे आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो होतो, तेव्हाही बाबा त्यांच्या सिंकखाली डोकं घालून बसले होते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी बाबा बेसिनचं राउंडच्या डॉक्टरांना सांगतो म्हणाले, तेव्हा मी आवाज चढवला.

"बाबा, इथे तुम्ही पेशंट आहात, प्लंबर नाही. गप्प पडून राहा."

"बरं, पुस्तकबाई," ते म्हणाले, आणि खरंच गप्प राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं.

उष्टं-खरकटं टाकायची पँट्री व्हरांड्याच्या पार टोकाला होती. बाबांनी टाकलेलं दूध, उरलेलं सूप मी त्याच बेसिनमध्ये ओतत असे. सगळेच ओतत.

सहाव्या दिवशी ताप चढला. रक्तात जंतू सापडला. एक अँटिबायोटिक झालं, दुसरं झालं, मग शेवटचं म्हणून राखून ठेवतात ते. जंतूने कशालाही दाद दिली नाही. एकोणिसाव्या दिवशी बाबा गेले.

महिन्याभराने हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंनी चौकशीसाठी बोलावलं. बाई सरळ होत्या. बाबांच्या रक्तातला जंतू मुळात साधा, पोटात असतोच असा. पण बेसिनच्या वाकात दुसऱ्याच कुळाचा एक जंतू मिळाला होता, आधीच्या कुणा पेशंटकडून आलेला, औषधांना पुरून उरणारा. ती ताकद देणारे जनुक त्याच्याकडे डीएनएच्या एका लहानशा कड्यावर असतात. दोन जंतू चिकटले की कड्याची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाते, कूळ वेगळं असलं तरी अडत नाही. पाइपच्या बुळबुळीत थरात ते शेजारी राहतात, आणि वरून दूध पडलं की फोफावतात. बाबांच्या जंतूत तेच कडं सापडलं होतं. अंगावर उडालेल्या थेंबातून आलं असणार. शंभर टक्के नाही सांगता येत, असंही त्या म्हणाल्या.

परक्या कुळाला देण्याची एवढी दानत माणसांत पाहिली नाही, असं मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

येताना मी त्या खोलीतला नळ सोडून पाहिला होता; त्याचं तोंड आता बदललं होतं. धार बेसिनच्या उतारावर पडत होती. अर्ध्या तासाचं काम, त्या म्हणाल्या, कुणी लक्षात आणून दिलं असतं तर त्याच दिवशी झालं असतं. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"तुमच्यापैकी कुणी बेसिनबद्दल काही बोललं होतं?"

"बाबा बोलले होते. मी त्यांना गप्प बसवलं."

तरी त्यांनी 'नाही'च्या चौकटीत खूण केली. बहुधा माझ्यावर दया म्हणून.

मी ती खोडायला लावली. 'हो'वर खूण करून घेतली, आणि समोर बाबांचं नाव. नावापुढे व्यवसाय लिहायला जागा नव्हती. समासात लिहा म्हटलं: प्लंबर.